वर्दाची मळमळ आणि मागच्या स्प्रिंगा

वर्दाला घाटात ओकारी होते, हे खमीसीला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पुढच्या बावीस वर्षांत त्यात काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो साडूमुळे. वर्दाच्या मधल्या बहिणीचा नवरा लईद याने नवी गाडी घेतली. आतून गुलाबाच्या अत्तराचा असा घमघमाट, की खमीसीला दार उघडल्याबरोबर न्हाव्याच्या दुकानात शिरल्यासारखं वाटे.

"धाकटीच्या लग्नाला मी लईदबरोबर जाणार," वर्दाने जाहीर केलं. "तुझी गाडी वळणावर उंटासारखी डुलते."

नवरीच्या थोरल्या बहिणीने दुसऱ्याच्या गाडीतून उतरायचं आणि नवऱ्याने मागून एकट्याने यायचं! याला कॉन्स्टंटाइन शहरात काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खमीसी भंगारबाजारात गेला. "गाडी मागून चार बोटं बसते, खूया, भावा. वळणावर झोल मारते."

"रिकामी असताना, की भरलेली?" दुकानदाराने विचारलं.

"रिकामीच की!"

डिक्कीत वीस वीस लिटरचे आठ कॅन काठोकाठ भरलेले होते. पण ते पाण्याचे. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत डिक्की ही घरातली टाकीच असते, आणि टाकीला कोणी सामान म्हणत नाही. दुकानदाराने मालवाहू गाडीच्या दोन जाडजूड स्प्रिंगा दिल्या, वर नव्या शॉकअपची जोडी.

शुक्रवारी नमाजानंतर खमीसीने दारातच गाडी जॅकवर चढवली, लाकडी ठोकळे लावले आणि खाली शिरला. वर बघताच त्याला शिसारी आली. शॉकअपमधून तेल पाझरून त्यावर वीस वर्षांची माती थापली गेली होती. रबरी बुशांना कोणीतरी चघळून थुंकलेल्या च्युइंगगमची कळा आली होती. डाव्या स्प्रिंगच्या वेटोळ्यात एक वाळका उंदीर होता. शेपटी मात्र शाबूत. पाना फिरवताना ती शेपटी नेमकी खमीसीच्या ओठावर पडली. त्याने लईदच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

संध्याकाळी नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसले. दरीकाठच्या रस्त्यावर चक्कर मारली, तर गाडी रुळावर चालावी तशी वळली.

"एकच संधी," वर्दा म्हणाली. "ओकले, की उतरले."

लग्नाच्या दिवशी सकाळी मागच्या सीटवर मकरूदची, म्हणजे मधात बुडवलेल्या खजुराच्या वड्यांची, ताटं ठेवली. पाहुण्यांच्या आंघोळींत आठही कॅन संपले होते. येताना माहेरच्या झऱ्यावर भरून घ्यायचे म्हणून रिकामेच डिक्कीत टाकले. गाडीचा पार्श्वभाग हवेत असा वर आला होता, की शेजारी नजर चुकवू लागले. पहिल्या खड्ड्यात ती बेडकासारखी उडाली. दुसऱ्यात मकरूद छताला चिकटले. चौथ्या वळणावर वर्दाने पिशवी तोंडाशी धरली आणि पाचव्यावर ती भरली.

वर्दा उतरून रस्त्याकडेला दगडावर बसली. पिशवी तिने खमीसीच्या हातात दिली. पिशवीला खालून भोक होतं.

"लईद मागून पाव तासात येईल," ती कपाळ पुसत म्हणाली. "तोवर तुला काय दिवे लावायचे ते लाव."

खमीसीने आपल्या पँटकडे पाहिलं, मग उंच झालेल्या डिक्कीकडे. डिक्कीत कॅन खडखडत होते. त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःची जी किळस आली, तिच्यापुढे पिशवी अत्तराची होती.

रस्त्याच्या वळणाखाली मेंढरांचं टाकं होतं. पाणी हिरवं, शेवाळाची साय आलेली, कडेला लेंड्या. खमीसी कोपरापर्यंत हात घालून एकेक कॅन भरत होता. बोटांमधून बेडकांची पिल्लं सुळकन् निसटत होती. पाचव्या खेपेला त्यालाच उमासा आला. तो त्याने गिळला. आठवा कॅन चढला तेव्हा गाडी सरळ बसली.

"बस."

"हा कसला वास?"

"गाडीच्या औषधाचा. बस म्हणतो ना!"

वर्दा नाक दाबून बसली. दहावं वळण गेलं, पंधरावं गेलं. गाडी डुलली नाही, उडाली नाही. विसाव्या वळणावर वर्दाने नाकावरचा हात काढला, छताचा एक मकरूद सोलून काढला आणि खाल्ला. खमीसीला ते बघवलं नाही, पण अंगावर मूठभर मांस चढलं.

दारात सासू हज्जा मबारका उभी होती. ताटं आत असतील असं समजून तिने डिक्की उघडली आणि दोन पावलं मागे सरली.

"झऱ्याच्या गावात पाणी आणलंस, जावईबापू? आणि तेही असलं? यात काहीतरी पोहतंय!"

वऱ्हाड जमलं. कोणी खोकलं, कोणी हसलं. मागोमाग लईद आला. पांढरा सूट, नाकाला रुमाल.

"शी! हे काय, खमीसी?"

वर्दा गाडीतून उतरली. चेहरा लग्नघरात शोभेल इतका टवटवीत.

"लईद, रुमाल ठेव आणि बाह्या वर कर," ती म्हणाली. "हे आठ कॅन ओतून, विसळून झऱ्यावर भरून आण. काठोकाठ हं. परतताना मी ह्याच गाडीत बसणार आहे."