चौदावं रीळ

“अण्णा, त्या दोघांना नाचायला का लावलंस?”

मल्लेशनं हे विचारलं तेव्हा त्याचा थोरला भाऊ वीरभद्र कावीळ होऊन खाटेवर पडला होता. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. आठ दिवसांत तो गेला.

ती दोघं माझ्यातली. मी सिनेमा बोलतोय. चौदा रिळांचा, पत्र्याच्या डब्यांतून गावोगाव फिरणारा, आणि खरं सांगायचं तर वाईट.

माझं मूळ मात्र खरं होतं. हरिहरला वीरभद्रच्या घरासमोर हुलगप्पा फुलवाला बसायचा. रोज सकाळी तो आपल्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, अबोलीची माळ मोजायचा, वर चार बोटं जास्त सोडायचा आणि वीरभद्रच्या विधवा आईच्या, नीलव्वाच्या, उंबऱ्यावर ठेवायचा. ती माळ ती देवाला वाहायची. वीस वर्षं दोघं फुलांपलीकडे काही बोलली नाहीत. मग हुलगप्पा वारला. वीरभद्रनं लिहिलेलं त्याच्या बंद दाराशीच संपत होतं.

निर्माता म्हणाला, “लोक रडायला येतात का रे? लग्न लावून टाक त्यांचं.” वीरभद्रनं मान डोलावली. मग माझ्यात डोंगर आले, धुकं आलं, म्हातारीच्या अंगावर गुलाबी स्वेटर आला. दुसऱ्या रिळात दोघं भांडली की चौदाव्यात गळ्यात हार पडणार, हे शेंगा सोलणाऱ्या पोरांनाही कळतं. माझे म्हातारा-म्हातारी एकमेकांकडे बघतच नाहीत. दोघंही कॅमेऱ्याकडे बघून प्रेम करतात.

वीरभद्र गेल्यावर मी हरिहरला लागलो तेव्हा लोक ओरडले, “अज्जा, गुडघे सांभाळ!” मल्लेश त्याच टॉकीजचा ऑपरेटर. शाळा त्यानं चौथीत सोडलेली. पहिल्याच दिवशी तो केबिनमधून खाली धावला आणि एकाची गचांडी धरली. दुसऱ्या दिवसापासून ओरडायलाही कुणी उरलं नाही.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी नीलव्वा म्हणाली, “वीराचा सिनेमा बघते. उद्या उतरतोय ना?”

“नको अव्वा, गर्दी असते.”

“कसली गर्दी! शेजारची गंगव्वा म्हणाली, तिथं खुर्च्या झोपा काढतात.”

ती दुपारच्या खेळाला आली. आपल्या आईनं, अव्वानं, स्वतःला त्या स्वेटरात नाचताना बघायचं, या विचारानं मल्लेश दर रिळागणिक झरोक्यातून तिच्याकडे वाकून बघत होता. शेवटची बस गाठायची म्हणून ऑपरेटर एखादं गाणं गाळतात. मल्लेशनं तसं कधी केलं नव्हतं.

तेरावं रीळ संपत आलं. म्हातारी स्वतःच अबोली ओवते, आपल्या हातावर मोजते, चार बोटं जास्त सोडते आणि म्हाताऱ्याच्या बंद दारात ठेवते. मल्लेशनं यंत्र थांबवलं. दिवे लावले.

“ए मल्ल्या, लग्न गिळलंस का?” मागच्या रांगेत जागा झालेला एकजण ओरडला.

तो खाली आला. नीलव्वा जागची हलली नव्हती.

“संपला?”

“संपला, अव्वा.”

“तो गेला त्या दिवशी मी त्याच्या दारात फुलं ठेवली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.” तिनं पदर तोंडाला लावला. “वीरानं बघितलं होतं तर.”

आता मी तेरा रिळांचा आहे. पुढच्या गावच्या ऑपरेटरदादा, डबा कमी आहे म्हणून कुणावर ओरडू नका. मी एवढाच आहे.

त्या दिवशी अव्वाला घरी सोडून मल्लेश परत आला, चौदाव्या रिळाचा डबा काखेत मारून तुंगभद्रेवर गेला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यानं तो सोडून दिला.