बारीक जाळी

जयवंतने पिशवीतून जाळी काढली आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलावर, हितेंद्रच्या कपाशेजारी आपटली. वाळलेल्या गाळाचे खपले उडाले. त्यातले दोन-चार चहात पडले.

"घ्या. ही समोर ठेवून ठरवा," तो म्हणाला.

वीतभर लांबीची, नळकांड्यासारखी स्टीलची जाळी होती ती. भोकं दिसतच नव्हती. तपकिरी गाळ इतका घट्ट बसला होता, की कोणी मुद्दाम लिंपली असावी असं वाटत होतं. फाल्गुनापासून जयवंतने ती पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. पंपवाला धोंडू ती भंगारात टाकायला निघाला होता, तेव्हा जयवंतने त्याच्या हातातून ओढून घेतली होती.

हितेंद्रने कप बाजूला सारला आणि रुमालाने टेबल पुसलं. भोईवाड्याची जुनी चाळ होती तेव्हा हा हितेंद्र जयवंतच्या दारात गोट्या खेळायचा. आता चाळीच्या जागी टॉवर झाला होता आणि हितेंद्र त्याचा सेक्रेटरी. रविवारची सकाळ होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठ-दहा माणसं बसली होती. तळघरातल्या पंपाला नवीन गाळणी कुठली बसवायची, एवढाच विषय होता.

"काका, आज नवीन घ्यायचं बघू या," हितेंद्र म्हणाला. "जुनं काढून काय उपयोग?"

"काढणार. माझ्या बायकोला शेवटची आंघोळ दुकानातल्या बाटल्यांनी घातली. मी काढणार."

ते सगळ्यांना माहीत होतं. मालनला हॉस्पिटलमधून घरी आणलं, त्या सकाळी आख्ख्या इमारतीचे नळ कोरडे होते. खाली हीच जाळी तुंबली होती आणि पाण्यावाचून फिरत राहून पंप जळला होता. बायका रिकामी पातेली घेऊन मोरीत उभ्या राहिल्या. मग कोणीतरी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सीलबंद बाटल्यांचे खोके आणवले. हिरवं लुगडं, हळदकुंकू, सगळं सवाष्णीला करतात तसं केलं. पण जयवंत बाहेर बसून ऐकत होता ते बाटल्यांची बुचं तुटण्याचे आवाज. कट्, कट्, कट्. त्या दिवशी कोण आलं, कोण रडलं, हे तो विसरून गेला. तो आवाज तेवढा राहिला.

तेव्हापासून तो हितेंद्रशी सरळ बोलला नव्हता. लिफ्टमध्ये भेटला तर, "काय सेक्रेटरी, आज पाणी आहे, का मेल्यावर येणार?" असं चार माणसांत विचारायचा. हितेंद्र मान खाली घालायचा, त्याचा त्याला जास्त राग यायचा. अरे, उलट बोल, भांड तरी.

स्वयंपाकघरातल्या नळाला धार येत नाही, म्हणूनही त्याने तक्रारींवर तक्रारी केल्या होत्या. हितेंद्रने प्लंबर पाठवला. प्लंबरने नळाला बांधलेलं फडकं बघितलं आणि म्हणाला, हे काढा, ह्यातच सगळी घाण अडकलीय. जयवंतने त्याला घराबाहेर काढलं. जुन्या लुगड्याचं ते दुहेरी घडीचं फडकं मालनने बांधलं होतं. त्याला कोणी हात लावायचं काम नव्हतं.

"मी सांगू का?" मेघना म्हणाली. ती चौथ्या मजल्यावरची, पंप आणि व्हॉल्व्हच्या कंपनीत कामाला. समितीनेच तिला बोलावलं होतं. तिने जाळी हातात घेऊन उजेडासमोर धरली. आरपार काहीच दिसेना.

मग तिने समजावून सांगितलं. पंपाच्या आधी इतकी बारीक जाळी कोणी लावत नाही. ती तुंबली की पंपाला पाणी मिळत नाही आणि तो जळतो. पंपाच्या आधी मोठ्या भोकांची जाळी हवी, खडे-कचरा अडवण्यापुरती. ती महिन्या-दोन महिन्यांनी धुतली तरी चालते. पण रस्ते खणल्यापासून टाकीत येतोय तो बारीक गाळ, आणि तो तिच्यातून वर जाणार. गाळही नको असेल तर पंपाच्या पुढे आणखी एक बारीक जाळीची गाळणी बसवायची, दोन भांड्यांची. एक भांडं चालू ठेवून दुसरं धुता येतं. मात्र ते दर आठवड्याला धुवायलाच लागतं.

"मग पहिलीच बसवा नुसती," मागून कोणीतरी म्हणालं. "कटकट नको."

"गाळ प्या म्हणजे," जयवंत म्हणाला.

"काका, घराघरात फिल्टर आहेत."

"माझ्याकडे नाही."

मेघनाने जाळी खाली ठेवली. "कुठली घ्यायची ते मी नंतर सांगते. आधी मला सांगा, धुणार कोण?"

"धोंडू धुवेल," हितेंद्र म्हणाला.

धोंडू दाराशी उभा होता. त्याने पायातली चप्पल उगाच नीट केली.

"तेव्हाही धोंडूच होता ना?" मेघना म्हणाली. "मग मला एक कळत नाही. ही जाळी आठवड्या-दोन आठवड्यांत तुंबायला हवी होती. वर्षभर पंप चालला कसा?"

"आणि ही आणली कोणी, ते पण विचार त्याला," जयवंत म्हणाला. "सेक्रेटरी, सांग ना. कुठल्या शहाण्याने आणली?"

हितेंद्र टेबलावरच्या गाळाकडे बघत राहिला. धोंडू दारातून म्हणाला, "काकी येयची."

"धोंडू, तू गप्प बस," हितेंद्र म्हणाला.

"बोलू दे त्याला. कोण काकी?"

"तुमचीच. मालनकाकी." धोंडू आत आला नाही, उंबऱ्यावरूनच बोलत राहिला. "दर शनवारी सकाळी तळघरात येयची. मी जाळी काढून, घासून परत लावीपर्यंत थयच उभी रवायची. माका म्हणायची, माझा फडका मी रोज धुतंय, तुका आठवड्यान एकदा धुवूक काय होता?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

जयवंत म्हणाला, "ती तळघरात कशाला जाईल? लिफ्ट जात नाही तिथे. तिचे गुडघे—"

"भित धरून उतरायची."

शेजारच्या नलूताईंनी पदर सावरला. "भाऊजी, ती जाळी मालननेच मागितली होती. आम्हा सगळ्यांना घेऊन गेली होती ह्या हितेंद्रकडे. तुमच्या पोटाचं दुखणं चालू होतं ना, डॉक्टर म्हणाले होते पाणी सांभाळा. म्हणाली, माझ्या फडक्याइतकी बारीक जाळी बसव. हा नको म्हणत होता, तुंबेल म्हणत होता. तर म्हणाली, धुवायचं मी बघते."

जयवंत उभाच होता. त्याने खुर्ची जवळ ओढली, पण बसला नाही. शनिवारी सकाळी मालन घरात नसायची, हे त्याला आठवत होतं. परत यायची तेव्हा लुगड्याचा काठ ओला असायचा. चहाला उशीर झाला म्हणून तो करवादायचा. बायकांत गप्पा कुटत बसतेस, म्हणायचा. ती काही न बोलता आधण ठेवायची.

"आणि तू एवढे दिवस शिव्या खात बसलास?" त्याने हितेंद्रला विचारलं.

"काकींनी सांगितलं होतं, तुम्हाला कळू देऊ नको. गुडघ्यांवरून ओरडाल म्हणून." हितेंद्रने रुमालाची घडी केली. "आणि शिव्या काय चुकीच्या होत्या, काका? त्या आजारी पडल्या आणि कोणी खाली गेलंच नाही. मीपण नाही गेलो."

जयवंतचा हात टेबलावरच्या जाळीवर होता. एवढे दिवस हा राग कुठे ठेवायचा ते त्याला माहीत होतं. आता हितेंद्रकडे बघून तो येईना. म्हणून राग गेला असं नाही. मालन, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. साऱ्या इमारतीला माहीत, धोंडूला माहीत, आणि मी वर बसून चहासाठी ओरडतोय.

"मग पहिलीच घेऊ या का?" मागच्याने पुन्हा विचारलं.

"नाही," जयवंत म्हणाला. "दोन्ही घ्या. पंपाआधी मोठी, पुढे दोन भांड्यांची. बारीक."

"काका, पण दर आठवड्याला—" मेघना म्हणाली.

"ऐकलं मी. बहिरा नाही."

जाळी तिथेच टाकून तो वर आला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने नळ सोडला. करंगळीएवढी धार आली. फडकं गाळाने फुगून लोंबत होतं. त्याने गाठ सोडायला घेतली. ओल्या चिंधीची गाठ, रोजच्या पाण्याने आवळून दगड झालेली. नखं लागेनात. त्याने कात्री आणली, गाठीजवळ नेली आणि परत ओट्यावर ठेवली.

मग तो ओट्यावर ओणवा झाला आणि गाठीत दात घातले. गाळ तोंडात आला. पाणी शर्टाच्या बाहीत शिरलं. तो थुंकला आणि पुन्हा लागला.

"एवढं आवळून कोण बांधतं गं?" तो म्हणाला. "सोडायचं कसं, ते तरी सांगायचंस."

गाठ सुटली तशी धार भसकन अंगावर आली. त्याने नळ बंद केला नाही. फडकं धारेखाली धरून चोळत राहिला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग त्याची दुहेरी घडी घातली आणि तसंच आवळून परत बांधलं.