गॅप सर्टिफिकेट

एम.एस्सी.चा फॉर्म शशिकलाबाईंनी स्वतः कॉलेजात जाऊन आणला. विषय गणित. बी.एस्सी. त्यांनी नागपूरला पहिल्या वर्गात केली होती. निकालानंतर दोन महिन्यांत लग्न होऊन त्या भोपाळला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आल्या, त्याला आता सोळा वर्षं झाली होती. नवरा दिगंबर कारखान्यातल्या टर्बाइनच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, कामगारांवर देखरेख करणारा चार्जमन. मुलगी यंदा दहावीला.

दिगंबररावांना बायकोच्या बुद्धीबद्दल कधीच शंका नव्हती. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांत बसायला अवघडल्यासारखं नाही का होणार, एवढंच त्यांनी विचारलं.

"त्यातल्या कितीतरी जणांना मीच बीजगणित शिकवलंय," शशिकलाबाई म्हणाल्या. "अवघडायचं तर त्यांनी अवघडावं."

ते खोटं नव्हतं. क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी घालून त्या रोज संध्याकाळी शिकवायच्या. टाउनशिपमध्ये गणितात कुणी नापास झालं, की लोक मुलाला आधी त्यांच्याकडे पाठवत.

फॉर्म भरून झाला, तेव्हा शेवटच्या पानावर एक अट निघाली. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं शपथपत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट, जोडावं. म्हणून त्या मिनीबसने जवाहर चौकात गेल्या. तिथे शपथपत्रं करून देणाऱ्या टायपिस्टकडे मजकूर तयारच होता. नाव, पत्ता विचारून त्याने धडाधड टाइप केलं आणि कागद पुढे केला. या काळात अर्जदार घरीच होती व तिने कोणतेही काम केले नाही, असं त्यात हिंदीत लिहिलं होतं.

शशिकलाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भैया, ये मैं शपथ लेकर कैसे कहूँ? ये तो झूठ है."

सगळ्याच बायका हेच लिहून नेतात, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, असं तो सांगू लागला. शशिकलाबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि नवा मजकूर सांगायला सुरुवात केली. या सोळा वर्षांत अर्जदाराने नववी ते बारावीच्या एकशे बारा विद्यार्थ्यांना गणित शिकवले. त्यांपैकी नऊ जण इंजिनिअर झाले. आकडा त्यांना तोंडपाठ होता. टायपिस्ट आधी कुरकुरत होता, पण नऊ इंजिनिअर ऐकल्यावर त्याने मान वर केली आणि पुढचं सगळं नीट विचारून विचारून टाइप केलं.

मुलाखतीला विभागप्रमुखांनी तो कागद सावकाश वाचला. मग खडू पुढे केला. अभिसारी क्रमिका मर्यादित असते, हे सिद्ध करायचं होतं. शशिकलाबाईंनी फळ्यावर सहा ओळींत सिद्ध केलं आणि सवयीने वळून विचारलं, "समझ में आया?"

विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की समोर विद्यार्थी नाहीत. कान तापले, पण त्यांनी मान खाली घातली नाही. सर मात्र हसले. पुढचा प्रश्न टोपॉलॉजीचा होता. त्या सरळ म्हणाल्या, की हा विषय आमच्या वेळी नव्हता, मला येत नाही. किती दिवसांत येईल, असं सरांनी विचारलं.

"क्लास शुरू होने से पहले," शशिकलाबाई म्हणाल्या.

यादी लागली तेव्हा वीस नावांत त्यांचं नाव सातवं होतं. दिगंबररावांनी शॉपमध्ये पेढे वाटले आणि मुलीचे पेढे का, असं कोणी विचारलं, की प्रवेश बायकोला मिळाल्याचं मुद्दाम सांगितलं.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या, तशी पुढच्या बाकावरची प्रतिभा उभी राहिली. तीन वर्षं ती त्यांच्या व्हरांड्यात शिकली होती. तिचं पाहून आणखी पाच-सहा मुलं उठली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या.

"अगं, बस खाली," शशिकलाबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारीच बसल्या. "मी शिकायला आलेय."

वह्या बाजूला सारून प्रतिभाने जागा केली. मग हळूच म्हणाली, "काकू, तुमचं नाव यादीत वाचल्यापासून आई एकच विचारतेय. तिचं बी.ए. शेवटच्या वर्षाला सुटलं होतं. आता पुरं करता येईल का?"

"येईल की," शशिकलाबाई म्हणाल्या. "रविवारी तिला मार्कशीट घेऊन माझ्याकडे पाठव."

तेवढ्यात सर आले आणि सगळा वर्ग उभा राहिला. शशिकलाबाईही उठल्या.