पांढरा धागा

सावजी सरांनी पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: ‘गाळा’. माझ्या पीएचडीच्या प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यांच्याकडे पाच महिने पडून होतं. त्यातल्या तक्त्यात बारा कामगार बायकांच्या बारा ओळी होत्या, आणि सुगराबीच्या ओळीसमोर तो शब्द होता. बाकी सगळं पान कोरं. पाच महिने वाट बघून एक शब्द मिळाला, आणि तोही असला.

राग आला. रागाच्या बाबतीत मी वडिलांवर गेले आहे, असं सगळं गाव म्हणतं. पण बुलढाण्याला कॉलेजच्या पायऱ्या चढले की माझं काय व्हायचं कोण जाणे, चार वर्षं सरांसमोर मी ‘हो सर’ यापलीकडे काही बोलले नव्हते. ‘हो सर’ म्हणायचं आणि धाड गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसून घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडायचं, असं माझं संशोधन चाललं होतं.

माझा विषय मिरचीचं संकरित बियाणं. आमच्या भागात हे काम शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवाखाली, चालतं आणि ते बायकांच्या हातांवर चालतं. नर झाडांचे पराग एका छोट्या डबीत घ्यायचे, मादी झाडाच्या फुलाला काडीनं अलगद लावायचे आणि त्या फुलाच्या देठाला लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. प्रत्येक बाईचा धाग्याचा रंग ठरलेला. सुगराबीचा जांभळा, गोजरबाईचा पिवळा. पंधरा दिवसांनी धागे मोजले की कुणाच्या किती फुलांनी फळ धरलं ते कळतं. बिनधाग्याची मिरची संकरित नसते, ती सरळ तोडून फेकायची.

सरांचं म्हणणं होतं की फळ धरणं न धरणं तापमानावर अवलंबून आहे. त्यावर त्यांचे दोन शोधनिबंध आहेत. माझे आकडे मात्र वेगळंच सांगत होते. नेट तेच, दिवस तोच, ऊन तेच, आणि तरी बाकीच्या बायकांच्या शंभर फुलांतली चाळीस-पंचेचाळीस धरायची, तर सुगराबीची पंचाहत्तर.

“एक बाई इतकी वेगळी असूच शकत नाही,” प्रकरण परत देताना सर म्हणाले. “मोजण्यात चूक आहे. ओळ गाळ. अठ्ठावीस नोव्हेंबरला समितीसमोर जायचंय. हे असलं घेऊन जायचं असेल, तर दुसरा गाइड बघ.”

दुसरा गाइड म्हणजे नवी नोंदणी, म्हणजे चार वर्षं पाण्यात. आणि ओळ गाळायची म्हणजे मी स्वतः फूल न् फूल मोजलेलं खोटं म्हणायचं. मी खाली बघून म्हटलं, “हो सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेतातल्या नेटमध्ये मी सुगराबीजवळ जाऊन बसले. बावीस वर्षं क्रॉसिंग करणारी बाई. गावातल्या निम्म्या पोरी तिच्याच हाताखाली शिकल्या. मी तिला चाची म्हणते. मी जे काही बोलले त्यात सरांबद्दल चांगलं एकही अक्षर नव्हतं. चाचीनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

“तू त्याईले सांगतलं काय, का मले हे पटत नाही म्हनून?”

“नाही.”

“काऊन?”

“सर आहेत ते, चाची. कसं बोलू?”

“मंग त्याईले कसं कयीन बेटा, तुले पटलं नाही ते?” तिनं फुलाला धागा बांधला. “नवी पोरगी कामावर आली का मी तिले बोलत नाही. हे चुकलं, ते चुकलं, काई नाही. तिच्या हाती धागा देतो. पंधरा दिवसानं झाडच सांगते. बोलाव तुह्या सराले.”

गोजरबाई पलीकडच्या ओळीतून खिदळली. “हाव, बोलाव. पांढरा धागा कोनीच घेत नाही, लगेच मयते. तो देऊ सराले.”

मी सरांना चार वर्षांत ओळखलंच नव्हतं असं नाही. स्टाफरूममध्ये, चार माणसांत काही सांगितलं की ते आधी ‘नाही’ म्हणतात. पण सकाळी सात ते आठ, प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी, ते प्रयोगशाळेत एकटे बसतात आणि समोर ठेवलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मला हे माहीत होतं, तरी मी गठ्ठेच्या गठ्ठे त्यांच्या टेबलावर दुपारी ठेवत आले होते. मी पहिल्या जीपनं निघाले. सात वाजता एकच पान पुढं ठेवलं. त्यावर तीन वाक्यं होती. सुगराबीची ओळ गाळणं मला मान्य नाही. माझी चूक असेल तर ती नेटमध्येच सापडेल. सोमवारी सकाळी याल का?

सरांनी पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“चार वर्षांत पहिल्यांदा तू ‘नाही’ म्हणतेयस.”

यावरही मी ‘हो सर’ म्हटलं नाही.

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.

सोमवारी सर आले ते पांढराशुभ्र शर्ट घालून, वही घेऊन. त्यांना वाटलं बघायचं आहे. चाचीनं त्यांच्या हातात पराग भरलेली डबी दिली आणि गोजरबाईनं पांढरा धागा. गोजरबाईनं आदल्या दिवशी पुंकेसर काढून तयार ठेवलेली ऐंशी फुलं एकाच ओळीत होती. चाळीस चाचीला, चाळीस सरांना. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, सत्तावीस वर्षं फुलाची चिरफाड मुलांना शिकवलेले, आमच्या नेटमध्ये वाकून उभे होते आणि घामानं निथळत होते. चाची चाळीस फुलं संपवून चहा पिऊन आली तेव्हा ते अकराव्यावर होते.

“नाजूक आहे हो,” ते पुटपुटले.

“जोरानं नोका दाबू, सर,” चाची म्हणाली. “फूल हाय, खटका नाही लाइटचा.”

पंधरा दिवसांनी मोजणीला मी सरांनाच बोलावलं. माझ्या मोजण्यावर शंका होती ना, मग मोजा तुम्हीच. जांभळे धागे चाळीस, त्यातली एकतीस फळं. पांढरे धागे चाळीस, त्यातली तीन. बाकीचे पांढरे धागे खाली मातीत पडले होते, फुलासकट. सरांनी ते दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला वाकले आणि मध्येच थांबले. मला हसू फुटत होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि ते हसू गेलं, खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं.

“माझी ओळ तक्त्यात घाल,” ते म्हणाले. “कामगार क्रमांक तेरा. चाळीसपैकी तीन.”

गाइड स्वतःहून हार मानतोय म्हटल्यावर कुणीही शिष्य लगेच वही उघडेल. मीही उघडणार होते. पण मी आता खरं बोलायला शिकले होते, आणि ती सवय सोयीपुरती ठेवता येत नाही.

“नाही सर. बाकी बारा बायकांची नोंद आठ-आठ दिवसांची आहे. तुमची एका दिवसाची. अशी ओळ घेता येणार नाही. गाळावी लागेल.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. गोजरबाई हातातलं फूल धरून उभी राहिली.

“मग अजून सात दिवस लागतील,” सर म्हणाले.

“लागतील.”

“उद्यापासून येतो.”

आणि आले. रोज सकाळी बुलढाण्याहून मोटारसायकलनं यायचे आणि दहाच्या तासाला परत जायचे. शर्ट दुसऱ्याच दिवशी जुना झाला आणि भाषाही. सर मूळचे डोणगावचे, म्हणजे आमच्याच भागातले, हे मला चार वर्षांत त्यांच्या बोलण्यावरून कधी कळलं नव्हतं. नेटमध्ये तिसऱ्या दिवशी ते चाचीला म्हणाले, “माह्या मायचा हात असाच होता हो, शेवया वयतानी.” त्या दिवसापासून माझ्याशीसुद्धा ते वेगळं बोलायला लागले. वाद घालायचे, चिडायचे, आणि निघताना विचारायचे, “आज काय ठरलं?” जे ठरलं ते मी रात्री दोन ओळींत पाठवायचे, सकाळी त्यांचं उत्तर आलेलं असायचं.

पाचव्या दिवशी सर काम सोडून चाचीकडे बघत उभे राहिले.

“रुपाली, चाची डबी कुठं ठेवते बघ.”

मी बघितलं. चाची डबी फांदीला अडकवायची, पानांच्या सावलीत. फुलापुरता पराग काडीवर घ्यायची, की डबी परत फांदीला. बाकीच्या अकरा जणी डबी मुठीत धरून पूर्ण ओळ करायच्या. मी लहानपणापासून हे बघत आले होते, म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं. सरांनी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला. मुठीतल्या डबीत छत्तीस अंश, फांदीवरच्या डबीत एकतीस. मुठीच्या उबेनं पराग मरत होते.

“म्हणजे तापमानच,” सर म्हणाले.

“म्हणजे हातच,” मी म्हटलं.

आम्ही दोघंही हसलो. चौथं प्रकरण तिथंच उभं राहिलं, मिरचीच्या दोन ओळींच्या मध्ये. ते त्यांचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं, पण आम्ही दोघं भांडलो नसतो तर झालं नसतं, एवढं मात्र नक्की. लिहिलं मी. त्यांनी पेन्सिलीनं पानं भरून टाकली, आणि मी त्यातल्या निम्म्या खुणा मान्य केल्या.

अठ्ठावीस नोव्हेंबरला समितीसमोर मी उभी होते. सर बाजूच्या खुर्चीत. गाइडनं मध्ये बोलायचं नाही, असा नियम आहे. बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी तक्ता बघितला आणि भुवया वर केल्या.

“ही तेरावी कोण? पहिल्या दिवशी चाळीसात तीन? उगाच सरासरी खाली ओढतेय. गाळून टाका ही ओळ.”

“ती गाळता येणार नाही, सर,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच बरा वाटला. “पहिले चार दिवस डबी मुठीत होती. पाचव्या दिवशी डबी फांदीला गेली, आणि आठव्या दिवशी चाळीसपैकी चौदा धरली. हात शिकतो, हे या तक्त्यात फक्त तीच ओळ सांगते.”

“पण इतकं कच्चं माणूस कामावर ठेवलं कुणी? नाव काय तिचं?”

“कामगारांची नावं गुप्त ठेवायची असतात, सर.”

मी सरांकडे बघायचं कटाक्षानं टाळलं. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतून खाकरल्याचा आवाज आला.

“मी आहे तो,” सावजी सर म्हणाले. “शिकून राह्यलो अजून.”

त्या सदस्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खिशातलं पेन काढून माझ्या मंजुरीच्या कागदावर सही केली.