नीलीला पहिलं पान नव्हतं

मी एक जुनी प्रत आहे. मूळ प्रत, छापखान्यातून आलेली, दोऱ्याने शिवलेली, खऱ्या पुठ्ठ्याची. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली कोणीही उठतं आणि स्वतःला पुस्तक म्हणवतं. मित्रांनो, चंडीगडमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात, माती आणि पाया या विषयाच्या कपाटात मी उभी असते. माझी कहाणी तुम्हाला जरा कडवट लागेल. लागू दे. जिच्यावर मी इतकी वर्षं जळले तिचं नाव नीली.

पण आधी माझा जन्म ऐका. मला लिहिलं लीलावती देवधर यांनी. त्या साताऱ्याच्या, याच कॉलेजात शिकवायच्या आणि सेक्टर २२ मध्ये एका खोलीत भाड्याने राहायच्या. शहराबाहेर मुल्लानपूरला तेव्हा नुसती गव्हाची शेतं होती. तिथून त्या स्कूटरवर मातीच्या पिशव्या आणायच्या. घरमालकीण दारात उभी राहून म्हणायची, "मैडम जी, लोग मिट्टी घर से बाहर निकालते हैं, आप अंदर लाते हो." बाई हसायच्या आणि पिशव्या खाटेखाली सरकवायच्या. मी इंग्रजीत आहे, पण गणित अडलं की त्या स्वतःशी मराठीत पुटपुटायच्या. म्हणून मराठी मला जन्मापासून येते.

छपाईत माझ्यात एक चूक राहिली. भरावाच्या जमिनीचं एक उदाहरण आहे, जिथे खड्डा बुजवून वर घर बांधतात. तिथे पाया अडीच मीटर खोल घ्यायचा, तर छापून आलं दीड मीटर. दीड मीटरवर पाया घेतला तर तो पोकळ भरावातच लोंबत राहील आणि पुढे भिंती तडकतील. बाईंनी कपाळावर हात मारला. प्रकाशकाने एक लहानसं शुद्धिपत्र छापून माझ्या पहिल्या पानावर, बाईंच्या नावाखाली चिकटवलं आणि सांगितलं, दुसऱ्या आवृत्तीत आत दुरुस्त करू.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. मुलं मला नेण्यासाठी नंबर लावायची. मग खाली जिन्याशेजारी कांचनजींचं झेरॉक्सचं दुकान आलं. कांचनजी इथल्याच मनीमाजऱ्याच्या, बोलायला गोड, हाताने झपाट्याच्या. एका मुलाने मला त्यांच्या काचेवर पालथं घातलं. पाठीचा कणा कडकडला, पण उजेड उबदार होता आणि मला वाटलं, वा, काय मान मिळतोय आपल्याला. थोड्या वेळाने काउंटरवर कागदांचा गठ्ठा तयार झाला. त्याला निळं प्लॅस्टिकचं कव्हर आणि स्पायरल बसलं. तीच नीली.

कांचनजींनी तिची एक प्रत दुकानात खिळ्याला टांगून ठेवली. त्यानंतर काचेवर जायची ती, मी नाही. नीलीची नीली, तिची आणखी नीली. मुलं पायरीवरूनच ओरडायची, "आंटी, एक नीली देना." मला कोणी लाडाचं नाव ठेवलं नव्हतं. माझ्यावर फक्त ग्रंथालयाचा क्रमांक.

मित्रांनो, माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू. नीली खोलीवर जायची, उशाशी झोपायची. तिच्यावर चहा सांडायचा, पराठ्याचं तूप लागायचं, पिवळ्या-गुलाबी शाईच्या रेघा पडायच्या. समासात कोणी "सर म्हणाले, हे नक्की येणार" असं लिहायचं. माझ्यावर पेन्सिल टेकवली तर दंड. मी कोरी, स्वच्छ आणि एकटी. आणि ती कोण? कडेच्या ओळी कापलेल्या, एका पानावर कांचनजींचा अंगठा उमटलेला, आकृत्या काळ्या ठिक्कर. तरी लाडकी तीच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

बाईंचं काय झालं तेही मला कळायचं, कारण निवृत्त झाल्यावरही त्या कधीतरी ग्रंथपालांना भेटायला यायच्या. प्रकाशकाने त्यांना कळवलं होतं की पुस्तक खपत नाही, कोणी वाचत नाही, दुसरी आवृत्ती काढून काय करायचं? बाई एकदा माझ्यासमोर उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "वाचत नाहीत ते बरंच आहे म्हणायचं. चूक तरी पसरत नाही." खाली तेव्हा मशीन धडाधड चालू होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पुस्तकाला कसला आवाज?

मग गेल्या वर्षी कॉलेजने पुस्तकांच्या प्रती काढण्याचा परवाना घेतला. तो देण्यासाठी लेखक आणि प्रकाशकांनी मिळून एक संस्था काढलेली असते. एकट्या लेखकाने प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कुठे कुठे बसायचं? आणि एका प्रकरणाच्या प्रतीसाठी मुलांनी तरी परवानगी मागत लेखकाचं घर कुठे शोधायचं? म्हणून दोघांच्या मध्ये ही संस्था. कॉलेज तिला वर्षाची ठरलेली फी देतं, मुलं ठरलेल्या मर्यादेत पानं काढतात, आणि ज्याचं लिखाण जितकं निघालं तितका वाटा त्याला पोचतो. कोणाचं किती निघालं हे कळावं म्हणून काही आठवडे मशीनजवळ नोंद ठेवतात.

नोंद बघायला संस्थेचे विक्रमजी आले. तेव्हा मी योगायोगाने खालीच होते. शिवानी नावाच्या मुलीने मला खाली नेलं होतं. ती नाशिकची, शेवटच्या वर्षाची. तिच्या नीलीत एक आकृती काळी झाली होती. परवान्यामुळे मूळ पुस्तकातूनच पान काढा असा नियम नुकताच आला होता, म्हणून तिने विषयाच्या कपाटात एकेक पुस्तक चाळत शेवटी तीच आकृती शोधली. त्या आकृतीमुळे कितीतरी वर्षांनी मला कोणी हात लावला. आणि तोही नीलीला ठिगळ लावण्यासाठी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विक्रमजी काउंटरवर डोकं धरून होते. "कांचनजी, सबसे ज़्यादा तो ये 'नीली' निकली है. ये नीली है कौन? लेखक का नाम?"

"नाम तो पता नहीं जी."

"पहले पन्ने पर होगा ना."

कांचनजींनी खिळ्यावरची नीली काढून त्यांच्यापुढे ठेवली. "पहला पन्ना कौन कराता है जी? उसमें पढ़ने का क्या होता है? बच्चे कहते हैं, आंटी, सीधा चैप्टर से शुरू करो."

"बिना नाम के किसको भेजूँ?" विक्रमजी म्हणाले. "नाम नहीं मिला तो लेखक के खाते में कुछ नहीं जाएगा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी शिवानीच्या काखेतच होते. तिने नीलीकडे पाहिलं, मग मला काउंटरवर ठेवून माझं पहिलं पान उघडलं.

"लीलावती देवधर," तिने वाचलं आणि मग तिचा आवाज बदलला. "अय्या, मराठी? माझ्या नीलीतलं सगळं एका मराठी बाईंचं आहे?"

मित्रांनो, तेव्हा मी नीलीकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. घे म्हटलं, तुझ्याकडे सगळं आहे, पण आईचं नाव नाही.

ग्रंथपालांनी फोन केला आणि त्याच आठवड्यात बाई ग्रंथालयात आल्या; मी टेबलावर, आणि कांचनजी, शिवानी, विक्रमजी सगळे भोवती. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात काठी. विक्रमजींनी नोंद दाखवली. बाईंनी आकड्यावर बोट ठेवलं. "इतनी?" एवढंच म्हणाल्या.

शिवानीने वाकून नमस्कार केला आणि आपली नीली पुढे केली. "मॅडम, हिच्यावर सही द्याल? मी हिच्यावरच पास झालेय. आता मुल्लानपूरच्या साइटवर ट्रेनिंगला जातेय, तिथंही हीच नेते."

सही. तीही नीलीवर. माझ्या देखत. मी फळीवर असते तर खाली उडी मारली असती.

बाईंनी नीली उघडली, सहीसाठी जागा शोधत पानं उलटली आणि एका पानावर थांबल्या. दीड मीटरच्या आकड्याभोवती गुलाबी वर्तुळ होतं. बाजूला लिहिलेलं, 'पाठ करणे'.

"शिवानी, हे कुठून घेतलंस तू?"

"पुस्तकातलंच आहे, मॅडम. आम्हा सगळ्यांना पाठ आहे. आमच्या साइटवर भरावाचा एक प्लॉट आहे, तिथल्या सीनियरनीही हेच धरलंय."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "अगं, ते चुकलेलं आहे. अडीच हवं. मी शुद्धिपत्र लावलं होतं ना पहिल्या पानावर."

नीलीला पहिलं पानच नव्हतं, आणि माझ्यावर शिवानी त्या दिवशी नावाशीच थांबली होती. कांचनजींनी पदर तोंडाला लावला. शिवानीने लगेच साइटवरच्या सीनियरला फोन लावला. "सर, भराव वाले प्लॉट का खड्डा... हाँ, आज मत भरवाइए, प्लीज़. जिसने किताब लिखी है वो खुद सामने बैठी हैं." पलीकडून बराच वेळ प्रश्न आले. शेवटी ती म्हणाली, "थांबवलंय, मॅडम. काँक्रीट अजून पडलेलं नव्हतं."

बाईंनी नीली बाजूला ठेवली आणि मला जवळ ओढलं. पर्समधून पेन्सिल काढली. ग्रंथपाल शेजारीच उभे होते, ज्यांनी पेन्सिलीपायी किती मुलांना दंड केला असेल. ते खिडकीबाहेर बघू लागले. बाईंनी माझ्यातला तो आकडा खोडला, वर ठळक अडीच लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात कारण लिहिलं. माझ्या अंगावर उमटलेली ती पहिली रेघ. मी शहारले.

खिळ्यावरची नीली कांचनजींनी स्वतः फाडली. प्रकाशकाचा निरोप आलाय म्हणे, दुसरी आवृत्ती निघणार. ती कोरी करकरीत बया माझ्या शेजारी येऊन उभी राहील आणि मी तिच्यावरही जळणार आहे, तो माझा स्वभावच. पण तोवर कोणाला ते प्रकरण हवं असलं की मला खाली नेतात, आणि कोणी सांगायच्या आधीच कांचनजी पहिलं पान काचेवर ठेवतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. प्रत काढा, खुशाल काढा, तिच्यावर चहा सांडा, रेघा ओढा. फक्त पहिलं पान वगळू नका. त्यावर कोणाचं तरी नाव असतं, आणि कधी कधी त्याच्या खाली त्याने आपली चूक कबूल केलेली असते. आणि प्रतीवरून प्रत काढू नका. बाईंच्या हाताचं ते अडीच तुम्हाला कुठल्याही जुन्या नीलीत सापडणार नाही. त्यासाठी जिना चढून माझ्याकडेच यावं लागेल.