गिरणीपाशी उघडणारं दार

गुरुवार म्हणजे लांब पल्ल्याचा दिवस. अडतीस किलोमीटर. धावपटूंच्या छावणीच्या फाटकातून निघायचं, लाल मातीच्या रस्त्याने केरिओच्या दरीच्या कडेकडेने वर चढत जायचं आणि कापसोइतच्या शाळेच्या कुंपणाला हात लावून थांबायचं. पहाटे सहाला बावीस जण धावायला लागत आणि त्यांच्या मागून पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली जुनी पांढरी मिनीबस घेऊन म्हातारा मुरेई निघे. सोळा वर्षं त्याचा गुरुवार असाच जात होता.

बाविसांतले एकवीस जण कुंपणाला हात लावत. बाविसावा किप्तारुस. त्याच्यासाठी मुरेईने तिसाव्या किलोमीटरला, मक्याच्या गिरणीपाशी, पुढे जाऊन गाडी उभी करायची, बाजूचं दार सरकवायचं आणि त्याला आत घ्यायचं, असा प्रशिक्षक तालामचा हुकूम होता. किप्तारुस छावणीचा ससा होता. शर्यतीत तो सगळ्यांत पुढे धावायचा, वारा छातीवर घ्यायचा, मागच्यांना वेग लावून द्यायचा आणि तीस किलोमीटर झाले की रस्त्याच्या कडेला होऊन छातीवरचा क्रमांक काढून ठेवायचा. उरलेले बारा किलोमीटर छावणीचा पहिल्या नंबरचा धावपटू चेबोर एकटा धावायचा आणि जिंकायचा. परदेशातून जिंकून आलेल्या चेबोरला गावाच्या वेशीवर बायका भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबवलेलं दूध पाजत. किप्तारुस त्याच विमानातून उतरून पिशवी खांद्याला लावून बसने घरी जाई. असं पाच वर्षं चाललं होतं, आणि किप्तारुस एकोणतीस वर्षांचा झाला होता.

त्या बुधवारी मुरेई गाडीखाली झोपून तेल बदलत होता, तेव्हा त्याच्या डोक्याशी चार पाय येऊन थांबले. दोन किप्तारुसचे, दोन तालामचे. वसंतातल्या शर्यतीला आपल्याला पूर्ण पल्ल्यासाठी उतरवा, असं किप्तारुस हळू आवाजात म्हणाला. तालाम म्हणाला की महिनाअखेरीला यादी पाठवायची आहे आणि जो माणूस कधी तिसाच्या पुढे धावलेलाच नाही, त्याचं नाव तो कसं पाठवणार? किप्तारुस म्हणाला, मग मला गुरुवारी अडतीस धावू द्या. त्यावर तालाम म्हणाला, की ज्याला शर्यतीत तीसच धावायचे आहेत, त्याने अडतीस धावून पाय झिजवायचे कशाला?

दोन पाय एकीकडे गेले, दोन दुसरीकडे. मुरेई तसाच पडून राहिला. तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी त्याला कळलं नाही. तिसाच्या पुढे धावला नाही म्हणून शर्यत नाही, आणि शर्यत नाही म्हणून तिसाच्या पुढे धावायचं नाही. बैलाला घाण्याभोवती फिरवतात, तसं या माणसाला पाच वर्षं फिरवलं होतं. आणि दार उघडून त्याला आत घेणारा हात आपला होता. या गोष्टीने म्हाताऱ्याचं डोकं जास्त तापलं.

तो बाहेर आला आणि तेलकट हातानेच तालामच्या खोलीचं दार ढकललं.

"तीस किलोमीटर पाय धावतात, तालाम," तो म्हणाला. "पुढचे कसे धावायचे ते वेगळं शिकावं लागतं. मी सोळा वर्षं गाडीतून बघतोय. ज्यांनी चार-पाच गुरुवार कुंपण गाठलंय, ते शर्यतीत शेवटपर्यंत टिकतात. ज्यांनी नाही, ते पस्तिसाला गुडघ्यावर येतात. हे तुलाही माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच तू त्याला शिकू देत नाहीस."

तालामने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, तो पुढे गेला तर चेबोरपुढचा वारा कोण अडवणार? तुम्ही?"

"म्हणजे कारण हे आहे. मग पायांचं कशाला सांगितलंस त्याला?"

"तुम्ही गाडी चालवा बाबा. पोरांना किती धावायला लावायचं ते माझ्यावर सोडा."

"गाडीच चालवतो," मुरेई म्हणाला, आणि हात पुसायला गेला.

गुरुवारी तालाम नेहमीसारखा त्याच्या शेजारी बसला, गळ्यात घड्याळ, मांडीवर वही. गिरणी दिसली तसा मुरेईने घोळक्याला वळसा घातला आणि गाडी पुढे काढली. पीठ दळण्याचा आवाज कानाशी आला आणि मागे पडला.

"बाबा, गिरणी गेली."

"दिसली मला."

"मग थांबा ना."

मुरेईने गियर बदलला. आरशात त्याला किप्तारुस दिसत होता. दर गुरुवारी व्हायचा तसा तो रस्त्याच्या डाव्या कडेला झाला, पावलं आखूड केली आणि हात पुढे केला. तिथे दार नव्हतं. तो हात तसाच पुढे धरून उभा राहिला. घोळका त्याला ओलांडून गेला. पाच वर्षांत त्या पोराच्या पायांना गिरणी पाठ झाली होती. मग आरशातला हात खाली आला, आणि किप्तारुस धावायला लागला.

तालामने काय काय बोलून घेतलं, ते मुरेईने ऐकलं नाही. ऐकण्याजोगं त्यात एवढंच होतं की उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही.

बाकीचे कुंपणाला टेकून पाणी पिऊन, अंगावर गरम कपडे चढवून बसले, तेव्हा त्यांच्या मागून चौदा मिनिटांनी किप्तारुस आला. चौतिसाव्यानंतर तो दोनदा चालला होता, एकदा वडाच्या बुंध्याला धरून उभा राहिला होता. ओठांना मिठाचे पांढरे थर. त्याने कुंपणाला हात लावला आणि तिथेच बसला.

"बघितलंत?" तालाम म्हणाला. "याला शर्यतीत घालू?"

"बघितलं. पाच वर्षं गिरणीपाशी थांबायला शिकवलंस, ते तो उत्तम शिकलाय. आता पुढचं शिकव."

तालामने हात पुढे केला. मुरेईने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

पुढच्या गुरुवारी तालामचा भाचा गाडी चालवत होता. त्याने गिरणीपाशी गाडी लावली, दार सरकवलं. मुरेईला हे नंतर त्या भाच्यानेच सांगितलं, कारण मुरेई तेव्हा तिथे नव्हता. मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून, चहाचा थर्मास पोटाशी धरून तो शाळेच्या कुंपणाशी आधीच येऊन बसला होता. भाचा म्हणाला, की किप्तारुस दाराजवळ मंदावला, आत बघितलं, मामांनी हात केला, तरी तो गाडीला वळसा घालून गेला. तो घोळक्यापेक्षा पाच मिनिटं मागे पोचला. तालामने त्याची वेळ टिपली नाही. पाणीही दिलं नाही, म्हणून मुरेईने चहा दिला.

"दूध नाही आणलं बाबा?" किप्तारुसने कप धरत विचारलं.

"दूध शर्यतीनंतर. फुकट लाड नाहीत."

तिसरा गुरुवार महिन्यातला शेवटचा. यादी शनिवारी जायची होती. मुरेई कुंपणाशी उभा होता आणि तालामची गाडी येऊन लागली होती. चढावर आधी चेबोर दिसला, मग दोघं, आणि त्यांच्या मागे वीसेक पावलांवर किप्तारुस. तो ओठ घट्ट मिटून, रस्त्यावर नजर ठेवून येत होता. चेबोरने कुंपणाला हात लावला आणि मागे वळून बघितलं. वारा अडवणारा आज शेवटपर्यंत एवढा जवळ कसा राहिला, याचं नवल त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं.

किप्तारुसचा हात कुंपणाला लागला आणि तालामचा अंगठा घड्याळावर दाबला गेला. वर्षानुवर्षांची सवय. तालामने अंगठ्याकडे बघितलं, मग मुरेई बघतोय हे बघितलं.

"किती?" मुरेईने विचारलं.

"दोन तास सतरा."

"लिही."

तालामने वही उघडली. किप्तारुसच्या नावापुढे पानभर खाली तीस, तीस, तीस असे आकडे होते. त्यांच्याखाली त्याने अडतीस लिहिलं आणि वेळ लिहिली.

"आता यादी."

"शनिवारी पाठवतो."

"शनिवारी चेबोरचा वारा परत आठवेल तुला. फोन आहे ना खिशात? इथे लागतो."

पोरं पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन बघत होती. तालामने त्यांच्याकडे बघितलं, फोन काढला आणि बराच वेळ बोटं चालवली. मग पाठवलेली यादी दाखवायला फोन मुरेईपुढे धरला. मुरेईने एकेक अक्षर लावत नाव वाचलं, त्यापुढचा पूर्ण पल्ल्याचा आकडा वाचला, आणि दोन्ही पुन्हा एकदा वाचले.

"झालं समाधान?" तालाम म्हणाला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. "घ्या. भाच्याला चढावर गियर सापडत नाही."

मुरेईने हात पुढे केला नाही. "पाच वर्षांचे गुरुवार होते त्याचे. ते कुठून आणून देणार आहेस?"

तालाम वहीच्या पानाकडे बघत राहिला.

किप्तारुस कुंपणाशी कुडकुडत उभा होता, घाम थंड पडत चालला होता. तेवढ्यासाठी मुरेईने किल्ली घेतली, गाडीचं दार सरकवलं आणि त्याला आत बसवलं.