माझ्या भाडेकरणी आणि घाईरावाचा मळा

मी एक जुनी मधपेटी आहे. पण मित्रांनो, मला जुनी म्हणायचा हक्क फक्त माझा. दुसऱ्या कुणी म्हटले तर मला राग येतो, आणि माझ्या रागाला हजारो नांग्या आहेत.

माझा जन्म एका सुताराच्या चुकीतून झाला. दरवाजासाठी आणलेली फळी त्याने आखूड कापली, बराच वेळ डोके खाजवले आणि मग गिऱ्हाइकाला काही न सांगता तिच्यातून मला घडवले. माझे झाकण जरा तिरके बसते. एक पाय तोकडा आहे, म्हणून त्याखाली चपटा दगड ठेवावा लागतो. तरीही मला विकत घ्यायला आलेल्या ताईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "पेटी मजबूत आहे हो!" त्या एका वाक्यावर मी आजवर उभी आहे.

ताई मधमाश्या पाळतात. त्यांनी माझ्यात एक वसाहत आणून ठेवली आणि मी घरमालकीण झाले. माझ्या भाडेकरणी फार गुणी. पहाटे उठून कामाला जायच्या, भाडे मधाच्या रूपात द्यायच्या आणि तेही न मागता. राणीसाहेबांना मात्र अंडी घालण्यावाचून दुसरे काम नाही. पण थाट असा, की त्यांना खायलाही पोरींनी भरवायचे. आणि नर म्हणजे निव्वळ घरजावई! खायचे, दुपारी जरा फिरून यायचे आणि पुन्हा खायला बसायचे. त्यांच्यातल्या एकानेही कधी घर झाडल्याचे मी पाहिले नाही. टंचाई आली की पोरी त्यांना धरून दाराबाहेर काढायच्या. अशा वेळी मी मध्ये पडत नसे. लोकांच्या घरगुती भांडणात आपण कशाला बोलायचे?

ताईंनी मला धाकट्या भावाच्या मळ्याच्या बांधावर ठेवले होते. भावाचा भोपळ्याचा मळा. त्याला सगळे घाईराव म्हणत, आणि ते अगदी योग्य होते. चहा निवण्याआधी तो जीभ भाजून घेई. चपलेत एक पाय घालून दुसरी चप्पल हातात घेऊन निघे. मी बांधावर आल्यापासून त्याचे भोपळे असे धरू लागले, की उचलायला दोन माणसे लागत. घाईराव येणाऱ्या-जाणाऱ्याला तळवे दाखवून सांगे, "हाताला गुण लागतो!" माझ्या पोरी त्याच्या नाकासमोरून परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन जात असत, पण कौतुक सगळे तळव्यांचे. मला वाईट वाटायचे. पोरींना वाटत नसे. त्यांना कामातून सवड कुठे होती?

एके वर्षी वेलांवर तांबडे भुंगेरे आले आणि पाने कुरतडू लागले. घाईरावाने फवारणीचा पंप काढला. ताईंनी त्याला परोपरीने सांगितले, की फुले उमललेली असताना औषध मारू नकोस, संध्याकाळी मार. पण संध्याकाळपर्यंत थांबेल तो घाईराव कसला! शेवटी बहीणभावांत एक ठराव झाला. ज्या सकाळी फवारायचे, तिच्या आदल्या सांजेला त्याने कुंपणावर आपला लाल शर्ट टांगायचा. ताईंना तो घरून दिसला, की त्या येऊन माझे दार लावतील आणि पोरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत राहतील.

घाईरावाने शर्ट टांगला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण थोड्या वेळाने त्याची बायको, म्हणजे ताईंची भावजय आणि सगळ्यांची वहिनी, कुंपणाकडून गेली. "वाळत घालायचं कळतं, काढायचं कुणी?" असे पुटपुटत तिने शर्ट काढला, घरी नेला आणि छान इस्त्री करून कपाटात ठेवला. ठरावाबद्दल तिला कुणी सांगितलेच नव्हते. घाईत राहून गेले होते.

दुसऱ्या सकाळी माझे दार उघडे होते. पोरी नेहमीसारख्या मळ्यात गेल्या. घाईरावही पंप पाठीवर घेऊन मळ्यात गेला.

मित्रांनो, पुढचे मला हसत सांगता येत नाही. ज्या परतल्या त्या थरथरत परतल्या. दारातच गिरक्या घेत पालथ्या पडल्या. पहारेकरणींना त्यांचा वास ओळखू येईना, त्या आपल्याच बहिणींना बाहेर लोटू लागल्या. बऱ्याच जणी तर परतल्याच नाहीत. दुपारी माझ्यापुढची जमीन काळी दिसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आत इतकी शांतता होती, की मला माझ्याच फळ्यांची करकर ऐकू आली.

ताई आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मेलेल्या माश्या हळुवार हातांनी गोळा केल्या, पाटीत भरल्या आणि भावाच्या दाराच्या पायरीवर नेऊन ठेवल्या.

"ताई, मी शर्ट टांगला होता गं!" घाईराव म्हणाला.

"अगं बाई, तो शर्ट!" वहिनीने तोंडावर हात ठेवला. "मी इस्त्री केली त्याला."

ताई एवढेच म्हणाल्या, "चांगली केलीस. घालून मिरवू दे त्याला." आणि त्या निघून गेल्या. राणीसाहेब आणि उरलेल्या मूठभर पोरी त्यांनी आपल्या अंगणातल्या दुसऱ्या पेटीत नेल्या. मी बांधावर रिकामी राहिले. घरमालकीण म्हणावे, तर घरात कुणी नाही. एका कोळ्याने चौकशी केली, मी त्याला नाही म्हटले. तो ऐकून न घेता राहायला आला.

इकडे मळ्यात फुले आली, त्यांच्यामागे इवले भोपळे दिसले, आणि एकेक करून पिवळे पडून गळाले. ज्या फुलावर पराग पोचत नाही, त्याचा भोपळा धरत नाही. घाईराव घाबरला, पण हार मानणाऱ्यांतला नव्हता. "माशीचं काम ते काय असतं? मी करतो!" असे म्हणून त्याने रंगकामाचा ब्रश आणला. सकाळभर तो वाकून या फुलात ब्रश फिरवी, मग त्या फुलात फिरवी. घाम पुसे, पुन्हा वाकू लागे. वहिनी डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, काय करताय?"

"पराग पोचवतोय. बोलू नकोस, फुलं मिटायच्या आत उरकायचंय."

"पण ही सगळी नर फुलं आहेत! मादी फुलाच्या मागे छोटा भोपळा असतो. याचं त्याला लावून काय होणार? दोघेही नुसते बसून राहतील."

घाईरावाने ब्रशकडे पाहिले, फुलांकडे पाहिले. तोवर फुले मिटू लागली होती. दुसऱ्या दिवसापासून नवराबायको दोघेही वाकले. त्यातून जे भोपळे धरले, त्यांची तऱ्हा काय सांगू! एक बाजू फुगलेली, दुसरी चेपलेली. एक भोपळा तर हुबेहूब घाईरावासारखा दिसत होता, सर्दी झालेल्या घाईरावासारखा. शेवटी कंबर धरून घाईराव माझ्या झाकणावर येऊन बसला. माझा पाय लटपटला, पण मी सावरले. तो स्वतःशीच म्हणाला, "बाप रे, या रोज करतात हे?"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्या पोरींचे कौतुक झाले, आणि ते ऐकायला त्या घरात नव्हत्या. मला रडू आले. पेटीला रडता येत नाही, म्हणून राहून गेले.

त्याच दिवशी तो ताईंना बांधावर घेऊन आला. "ताई, माश्या परत आण. या वेळी बायकोला सांगून शर्ट टांगीन. तू दार लाव, म्हणजे झालं ना?"

ताईंनी कुंपणाकडे बोट केले. एका वाळक्या खांबाला भोक होते आणि त्यातून एक काळा भुंगा, पाने खाणारा नव्हे, फुलाफुलांवर फिरणारा, डोके बाहेर काढत होता. "याचं दार कोण लावणार?" त्यांनी विचारले. मग पायाखालचे, मातीतले बारीक बीळ दाखवले. त्यातूनही एक चिमुकली रानमाशी निघाली आणि भोपळ्याच्या फुलाकडे गेली. "आणि हिचं? तुझ्या मळ्यात राबणाऱ्या सगळ्याच काही माझ्या पेटीत राहत नाहीत रे."

घाईराव वाकून त्या बिळाकडे पाहत बसला. तो इतका वेळ एका जागी थांबलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हापासून तो भुंगेरे हाताने वेचू लागला. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झटकले की झाले. ताईंनी मला धुऊन-पुसून नवी वसाहत आणून ठेवली. कोळ्याने बिऱ्हाड हलवले. नव्या राणीसाहेब जुन्यांपेक्षाही मिजासखोर निघाल्या, आणि मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. परवा सकाळी शेजारचा काकडीवाला पंप घेऊन आपल्या मळ्यात उतरला. काकडी फुलांनी भरलेली, आणि माझ्या पोरी तिकडेच गेलेल्या. माझे दार उघडे. ताई गावाला गेलेल्या. मी नुसती लाकडाची, ओरडू तरी कशी? माझ्या फळ्या गार पडल्या.

तेवढ्यात घाईराव धावत आला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "अहो, थांबा! फुलं मिटू द्या, माश्या घरी जाऊ द्या, मग संध्याकाळी मारा!"

"मला वेळ नाही," काकडीवाला म्हणाला आणि पंपाचा पट्टा नीट करायला त्याने पंप खाली ठेवला. घाईराव जाऊन सरळ पंपावर बसला.

"उठा की राव!"

"नाही उठत. मला आज काही घाई नाही."

काकडीवाला रागावला, मग हसला, मग कंटाळून बांधावर टेकला. ऊन चढत गेले. घाईरावाच्या डोक्यावरून एक भुंगा गेला, कानाशी एक रानमाशी घोटाळली, पण तो हलला नाही. माझ्या पोरी पराग घेऊन एकामागून एक घरी येत राहिल्या. मी मोजायचा प्रयत्न केला, पण आनंदाने गणित चुकले.

मित्रांनो, माझ्या पोरींसाठी तुम्ही फार काही करू नका. फुलावर कुणी बसलेले दिसले, तर औषध मारणाऱ्याला थोडे थांबवा. तो म्हणेल, वेळ नाही. तर तुम्ही त्याच्या पंपावर बसा.